खाली बसण्याची चाचणी

परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. सायकल स्टँडच्या मागे, तळमजल्यावर आमची खोली आहे. तिथं एक यंत्र चालतं आणि त्यात चार कृत्रिम खुबे बसवलेले असतात. खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेला जिथं जोडलेलं असतं तो सांधा. हाडाच्या टोकाला गोळा असतो, कमरेच्या हाडात वाटी असते, आणि गोळा वाटीत फिरतो तेव्हा माणूस चालतो. सांधा खराब झाला किंवा पडून मोडला की डॉक्टर धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी बसवतात. ती वाटी किती टिकेल हे आधी कळावं म्हणून आमचं यंत्र तिला चालवून बघतं. सेकंदाला एक पाऊल. दहा लाख पावलांचं साधारण एक वर्ष धरतात. माणसाचं एक वर्ष आमच्या खोलीत बारा दिवसांत संपतं, मध्ये लाइट गेली तर तेरा-चौदा.

यंत्र सरांनी उभं केलं. सर म्हणजे आमच्या विभागातले प्राध्यापक. पन्नाशीचे, कमी बोलणारे. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडं बसून त्यांनी त्याचे भाग करून घेतले, त्यात सहा वर्षं गेली. मी त्यांच्या हाताखाली आले ती लग्न टिकलं नाही म्हणून. नोकरी पाहिजे होती, डिप्लोमा होता. हाड काय, सांधा काय, मला काहीच माहीत नव्हतं.

माझं मुख्य काम तोलायचं. पाच लाख पावलं झाली की यंत्र थांबवायचं, वाट्या काढायच्या, धुवायच्या, सुकवायच्या आणि काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवायच्या. पहिल्यापेक्षा वजन जेवढं कमी, तेवढी वाटी झिजली. हा फरक इतका बारीक असतो की खोलीतला पंखा बंद ठेवावा लागतो, दार लावावं लागतं आणि तराजूकडं तोंड करून श्वास सोडायचा नसतो. चार वाट्यांबरोबर एक पाचवी वाटीही असते. ती चालत नाही. तिच्यावर वजन टाकायचं आणि नुसतं त्याच पाण्यात भिजत ठेवायचं. प्लॅस्टिक थोडं पाणी पितं आणि जड होतं. पाचवीनं किती पाणी प्यायलं ते बघून बाकीच्यांचा हिशेब दुरुस्त करायचा.

पाणी म्हणजे साधं पाणी नाही. सांध्यात जे वंगण असतं त्याच्या जवळपासचं काहीतरी लागतं म्हणून वासराच्या रक्तातला पिवळसर द्रव वापरतात. तो थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून येतो. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी पोळ्याला बैलांच्या आधी कुणी जेवत नाही.

आई पडली त्या दिवशी मी वजन करत होते. फोन खोलीबाहेर ठेवलेला असतो. चौथी वाटी उतरवून बाहेर आले तर दादाचे सात फोन येऊन गेले होते. दादा माझा मोठा भाऊ, गंगाखेड रस्त्यावरच्या आमच्या गावात शेती करतो. वडील गेल्यापासून आई त्याच्याकडंच होती. आईला आम्ही दोघंही बाईच म्हणायचो.

"बाई पडली," तो म्हणाला. "गोठ्यापुढच्या फरशीवर पाय घसरला. उठता येईना."

मी विचारलं, "पाय कसा दिसायलाय? दुसऱ्यापेक्षा आखूड झालाय का? पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय का?"

फोन चालू ठेवून तो गेला. बहुतेक बघायला गेला असेल.

"व्हय," तो म्हणाला. "तुला कसं कळलं?"

"गाडी कर. हलवू नको जास्त. परभणीलाच आण."

फोन ठेवला आणि परत आत जाऊन चार आकडे वहीत लिहिले. नंतर सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी जायचं ना." मी म्हटलं, "गाडीला यायला दीड तास लागेल, सर." ते खरंच होतं. तरी त्यांनी माझ्याकडं ज्या तऱ्हेनं बघितलं ते लक्षात राहिलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. पूर्ण सांधा बदलावा लागेल, म्हणाले. दादा मान हलवत होता. मी विचारलं, "वाटी कसली घालणार?"

"चांगली घालू," डॉक्टर म्हणाले.

"साध्या प्लॅस्टिकची, का नवी, जास्त घट्ट केलेली?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. ड्रॉवरमधून वाट्यांचं माहितीपत्रक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच बघा." मी बघितलं. त्या जातीच्या वाट्या आम्ही चालवलेल्या होत्या. त्यांची झीज कमी होती. मी म्हटलं, "ही चालेल." दादानं सही केली. वाटी मी पसंत केली ही गोष्ट पुढं कधी कुणी काढली नाही, मीही काढली नाही.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी आई वॉकर धरून पलंगाच्या कडेनं चार पावलं चालली. घरी सोडताना डॉक्टर तिला समजेल अशा भाषेत म्हणाले, "मावशी, आता चालायचं भरपूर. पण खाली बसायचं नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर नाही, जमिनीवर नाही. सांधा निसटंल."

आईनं विचारलं, "किती दिवस?"

"कायमचं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीत औषधं भरत होते.

पुढचे तीन महिने ती माझ्याकडं राहिली. माझ्या दोन खोल्या. मी उंच संडासाची खुर्ची आणली, टेबल आणलं. पहिल्या दिवशी टेबलावर तिच्यापुढं ताट ठेवलं तर तिला जेवता येईना. भाकरी चुरायला ताट खाली लागतं, गुडघ्यानं दाबून धरता येतं, टेबलावर ते सरकतं. ती म्हणाली, "पाव्हण्यासारखं वाटायलंय गं. कुणाच्या तरी घरी आल्यासारखं." मी ताटाखाली ओला रुमाल घातला. ताट सरकायचं थांबलं. पण जेवण कमीच गेलं.

सकाळ-संध्याकाळ तिला गल्लीत चालवायचं. ती पाऊल टाकायची आणि मी मनात मोजायचे. सवयच होती. गल्लीच्या टोकापर्यंत दोनशे चाळीस, परत येताना थोडी जास्त, कारण दमल्यावर पाऊल लहान पडतं. यंत्राचं पाऊल लहान पडत नाही.

दुसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "तू दिवसभर कुठं जातीस ते एकदा दाखव." मी रिक्षा केली आणि तिला कॉलेजात नेलं. सरांनी स्वतः खुर्ची आणून यंत्रापुढं ठेवली. ती काठी मांडीवर आडवी घेऊन बसली. चारही खुबे डुलत होते. पुढं, मागं, थोडे आडवे. मोटरचा आवाज एकसारखा येत होता. आई बराच वेळ बघत राहिली.

"ह्यातलं माझं कोणतं?" तिनं विचारलं.

"तुझं तुझ्या अंगात हाय, बाई. ही त्याच्यासारखी दुसरी."

"आन् हे पिवळं पाणी कशाचं?"

मी औषध म्हणणार होते. तेवढ्यात सर म्हणाले, "वासराच्या रक्तातलं असतं, मावशी. रक्त गोठून वर जे पाणी राहतं ते." सरांना खोटं बोलता येत नाही, बोलावं हेही त्यांच्या लक्षात येत नाही.

आईनं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली आणला. मग मला विचारलं, "माझ्या आत ते घातलंय?"

"न्हाई. तुझ्या आत तुझंच पाणी हाय."

"खरं?"

"खरं."

तिनं एकदा मान हलवली आणि परत यंत्राकडं बघायला लागली. मला वाटलं ती आता चल म्हणेल. पण ती म्हणाली, "हे नुसतं चालायलंच हाय व्हय? बसत न्हाई?"

सर म्हणाले, "नाही. सगळीकडं नियम असा आहे की चालणंच तपासायचं."

"कुणाचा नियम?"

"जगभर तोच धरतात, मावशी. बाहेरच्या देशात लोक खुर्चीवरच बसतात. त्यांना खाली बसायचं कामच पडत नाही."

"आमाला पडतंय की," आई म्हणाली. "खुरपायला बसावं लागतंय, चुलीपुढं बसावं लागतंय, धार काढायला बसावं लागतंय. मग आमचं कसं कळंल ह्याला?"

ती भांडत नव्हती. दुकानात एखादी वस्तू नसली की विचारावं तसं तिनं विचारलं. चहा आला, तिनं बशीत ओतून प्यायला, आम्ही रिक्षानं घरी आलो. रिक्षात ती म्हणाली, "सर चांगला माणूस हाय. पण लय बारीक झालाय. बायको करून घालत न्हाई का?"

तीन महिने झाल्यावर दादा तिला गावी घेऊन गेला. मी त्याच्यासमोर आणि वहिनीसमोर सगळं पुन्हा सांगितलं. खाली बसायचं नाही. दादा म्हणाला, "मी हाय ना." टेबल आणि खुर्ची टेम्पोत चढवली. माझी खोली पुन्हा रिकामी झाली आणि मी पुन्हा चटईवर बसून जेवायला लागले.

नंतरच्या आठवड्यात सर कागद घेऊन आले. त्यावर त्यांनी पेन्सिलनं वाकलेला माणूस काढला होता, कमरेशी कोन लिहिले होते. म्हणाले, "मॅडम, आईंनी विचारलं ते बरोबर होतं. आपण यंत्राला बसायला शिकवू. पन्नास पावलांमागं एकदा खोल वाकवायचं." यंत्रात तेवढं वाकायची सोय नव्हती. ते लेथवाल्याकडं गेले, नवीन कंस करून आणला, मोटर बदलली. यात सहा-सात महिने गेले. मग चार नव्या वाट्या चढवल्या. दोन नुसत्या चालणाऱ्या आणि दोन मधूनमधून बसणाऱ्या.

पाच लाख पावलांनंतर मी तोलल्या. नुसत्या चालणाऱ्या दोघींचं ठीक होतं. बसणाऱ्या दोघींचं वजन जास्त उतरलं होतं. मी पुन्हा तोललं, तिसऱ्यांदा तोललं, आकडा तोच. सरांनी भिंग लावून कड बघितली. खोल वाकताना गोळ्याखालची धातूची मान वाटीच्या पुढच्या कडेवर जाऊन टेकत होती आणि तिथं प्लॅस्टिक दबून बाहेर आलं होतं. नखानं मेणाची कड दाबावी तसं.

सर म्हणाले, "वाटी फुटणार नाही. पण ही झिजून निघालेली धूळ वाईट. ती शरीरात राहते. शरीर तिला खायला बघतं आणि बाजूचं हाडच खातं. मग सांधा सैल होतो."

हे मला माहीत होतं. मीच कित्येकदा विद्यार्थ्यांना सांगितलेलं होतं. मी वहीत आकडे लिहिले, पिवळं पाणी बाटलीत भरलं, चिठ्ठी लावली, फ्रीजमध्ये ठेवलं.

त्या शनिवारी न सांगता गावी गेले. सोनपेठकडं जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते. श्रावण होता. घरी वहिनी एकटीच होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. "बाई कुठंय?" म्हटलं तर म्हणाली, "रानाकडं गेल्यात. फिरायला." टेबलावर बियाणाच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या आणि खुर्चीवर धुतलेली गोधडी वाळत होती.

रान घरापासून लांब नाही. सोयाबीन गुडघ्याएवढं आलेलं. सात-आठ बाया ओळीनं खुरपत होत्या, प्रत्येकीची आपली पात, म्हणजे खुरपत न्यायची ओळ. आई चौथ्या पातीवर होती. उकिडवी बसलेली. खुरपं मारत, तण मागं टाकत, बसल्या बसल्याच पुढं सरकत होती. तिला ओळखायला मला वेळ लागला, कारण ती बाकीच्यांच्या बरोबरीनं चालली होती. जराही मागं नव्हती.

मी बांधावर उभी राहिले. शेजारच्या बाईनं तिला काहीतरी सांगितलं तेव्हा तिनं वर बघितलं. लपवायचं वगैरे तिच्या मनात आलं नसावं. खुरपं जमिनीला टेकून ती उठली. उठताना तिनं बऱ्या पायावर भार घेतला. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कवा आलीस? जेवलीस का?"

"किती दिवसांपासून बसायलीस?"

"कशाला मोजायलीस. शिमग्यापासून बसायले. दुखत न्हाई."

"दादानं काही म्हटलं न्हाई?"

"त्यो लय म्हणतो. मी ऐकत न्हाई. त्याला कशाला बोलतीस." मग हातावरची माती झटकत म्हणाली, "नुसतं खुर्चीवर बसून मी काय करू? गल्लीतून माणसं जायलेत, बघायले. मला न्हाई जमत तसलं."

यंत्रात काय दिसलं ते तिला सांगायला म्हणून मी आले होते. वाक्यंसुद्धा एसटीत तयार केली होती. कड कशी दबली, धूळ कुठं जाते, किती वर्षांत सैल होईल. त्यातलं एकही वाक्य मी बोलले नाही. का बोलले नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिला घाबरवायचं नव्हतं असं म्हणता येईल, पण तेवढंच नव्हतं. बोलायची इच्छाच झाली नाही. ऊन होतं. मी चप्पल बांधावर काढली, एका बाईचं जास्तीचं खुरपं घेतलं आणि आईच्या पातीवर तिच्या शेजारी बसले. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ती पात संपवली. माझे गुडघे दुखले. ती मध्ये एकदा म्हणाली, "मुळासगट काढ. वरवर नको."

संध्याकाळच्या एसटीनं मी परत आले. सोमवारी सरांनी विचारलं, "आई कशा आहेत?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

त्यानंतर आई दीड वर्ष जगली. सांध्याची तक्रार तिनं कधी केली नाही. थंडीच्या दिवसांत, तुरीची कापणी चालू असताना, सकाळी ती अंगणात चहा पीत होती. वहिनीला म्हणाली, "जीव घाबरा व्हायलाय." वहिनी पाणी आणायला आत गेली आणि येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. खुब्याचा काहीही संबंध नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

दादाचा फोन आला तेव्हा मी घरून निघायच्या तयारीत होते. रिकाम्या एसटीत खिडकीशी बसून गावी गेले. बायका रडत होत्या, मला मिठी मारत होत्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. दादा लहान मुलासारखा रडला. मला रडू आलं नाही. वहिनी माझ्यावर लक्ष ठेवून होती, दोनदा पाणी घेऊन आली. तिला वाटलं मी पडेन. मी पडले नाही. संध्याकाळी शेताच्या कोपऱ्यात, वडिलांना जिथं दिला होता तिथंच तिला अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. दादानं पाणी शिंपडलं, दूध शिंपडलं आणि हाडं वेचून गाडग्यात ठेवायला लागला. मध्येच त्याचा हात थांबला.

"हे काय हाय?"

राखेत तो सांधा होता. मांडीच्या हाडात घातलेला धातूचा दांडा, त्याच्या टोकाला गोळा तसाच बसलेला, आणि थोडं बाजूला प्लॅस्टिकच्या वाटीचं बाहेरचं धातूचं कवच, दोन स्क्रूंसकट. दांडा निळसर-करडा झाला होता. गोळ्याची चमक गेली होती. सगळे जवळ आले. अंगात घातलेलं असं परत मिळतं हे कुणाला माहीत नव्हतं.

आमचे थोरले चुलते म्हणाले, "गंगेत सोडा अस्थीबरोबर. तिच्या अंगात हुतं, तिच्यासंगं जाऊ द्या."

दादानं माझ्याकडं बघितलं. "तू सांग. तुला ह्यातलं कळतंय."

मी म्हटलं, "लोखंडासारखी वस्तू हाय. नदीत नका टाकू." आणि वाकून ते उचललं. दोन दिवसांनंतरही थोडं कोमट वाटलं, कदाचित उन्हानं असेल. कवचाच्या आत बोट फिरवलं. प्लॅस्टिकची वाटी, मी पसंत केलेली, जळून गेली होती. थोडी काळी पापडी होती ती बोटाला लागली. तोलायचं जे होतं ते राहिलंच नव्हतं. मी हातरुमालात सगळं गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. चुलत्यांना ते आवडलं नाही. दुपारी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जाऊन अस्थी सोडल्या. पाणी कमी होतं, पायऱ्या उतरून बरंच पुढं वाळूतून जावं लागलं.

तेरावं करून मी कामावर आले. रुमाल सरांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं काय आहे ते. त्यांनी लगेच हात लावला नाही. उठून हात धुवून आले, मग रुमाल सोडला.

"मॅडम, बघू का? तुमची हरकत नसेल तर."

"बघायलाच आणलंय, सर."

त्यांनी दांड्याची मान सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ फिरवून फिरवून बघितली. मग बाजूला झाले आणि मला जागा दिली. मानेच्या पुढच्या अंगाला एक आडवी खाच होती. तांदळाच्या कणीएवढी. आजूबाजूला जळाल्याचे डाग होते, पण खाच खाचच होती.

सर सावकाश म्हणाले, "प्लॅस्टिकची कड दबून दबून मागं गेली असणार आणि मग मान थेट कवचाला लागली असणार. आगीत काही बदल झालाच असेल, त्यामुळं मी खात्रीनं सांगणार नाही. पण जागा तीच आहे, आपल्या बसणाऱ्या वाट्यांमध्ये जी होती."

"किती वेळा बसली असेल?"

"ते नाही सांगता येत. वाटी असती तरी अंदाजच केला असता."

मी परत भिंगातून बघितलं. मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. खाच दिसत होती, कड दिसत होती, उजेड थोडा जास्त होता म्हणून मी दिवा कमी केला.

सरांनी विचारलं, बसण्याच्या चाचणीवरच्या त्यांच्या लेखात ही नोंद घेतली तर चालेल का. नाव येणार नाही, म्हणाले, साठीतली स्त्री, एवढंच. मी होकार दिला. टाइप मीच केलं. "साठीतली स्त्री" याच्यापुढं "शेतकाम करणारी, ऑपरेशननंतरही खाली बसून" एवढे शब्द मी जोडले. सरांनी वाचलं आणि तसेच ठेवले. आता आमच्याकडं जी वाटी येते तिला चालण्याबरोबर खाली बसायला लावूनही बघतो. वाट्या पाठवणाऱ्या कंपन्यांना ते नको असतं, कारण त्यांच्या नियमात ते नाही. सर तरी करतात आणि वेगळ्या पानावर लिहून देतात. कुणी ते पान वाचतं की नाही, माहीत नाही.

उन्हाळ्यात दादा खताच्या चौकशीला परभणीला आला आणि कॉलेजात मला भेटायला आला. यापूर्वी तो कधी आत आला नव्हता. सर वर्गावर होते. त्यानं विचारलं, "ते इथंच हाय का?"

मी कपाट उघडून प्लॅस्टिकची डबी काढली. तिच्यावर नमुना क्रमांक लिहिलेला होता. त्यानं दांडा हातात घेतला, उलटापालटा केला, गोळ्यावर अंगठा फिरवला. भिंग लावून मी त्याला खाच दाखवली. त्यानं एक डोळा मिटून बघितलं.

"मी किती वेळा म्हटलं तिला," तो म्हणाला. "रोज म्हणायचो."

"माहीत हाय."

"तू एकदा बी म्हटली न्हाईस. त्या दिवशी रानात आलीस तवा. मला वाटलं लय बोलशील. बाई पण वाट बघायली हुती तू कवा बोलतीस त्याची. रात्री जेवताना म्हणली, पोरीनं काहीच म्हटलं न्हाई."

"अजून काय म्हणली?"

त्यानं आठवून बघितलं. "काही न्हाई. खूष हुती. म्हणली, पोरीला अजून पात धरता येतीय."

मी डबी परत कपाटात ठेवली. यंत्र चालू होतं. दादा आईसारखाच त्याच्यापुढं थोडा वेळ उभा राहिला, पण त्यानं काही विचारलं नाही. त्याला साडेचारची एसटी गाठायची होती. मी त्याला फाटकापर्यंत सोडलं. रसवंतीवर आम्ही उभ्यानं एकेक ग्लास रस प्यायलो. तो म्हणाला, यंदा सोयाबीन कमी करून तूर वाढवायची म्हणतोय. मी म्हटलं, बघ.